जॅकेटवरची बुरशी आणि माझी घाई

पावसाळा सरल्यावर कपाट उघडलं तर लेदर जॅकेटच्या कॉलरवर पांढरी लव आणि कपाटभर कुबट वास. चूक माझीच. जपायचं म्हणून जॅकेट प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून वर चेन ओढून ठेवली होती. आतली ओल आतच कोंडली.

पहिल्या झटक्यात ओलं फडकं घेऊन पुसायला निघालो होतो, पण हात आवरला. कधीकधी ती बुरशी नसतेच. चामडं कमावताना त्यात मुरवलेली चरबी वर येते आणि अशीच पांढरी दिसते. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून दिली. चरबी असती तर विरघळली असती. लव जशीच्या तशी राहिली, म्हणजे बुरशीच.

जॅकेट घराबाहेर नेलं, तोंडाला मास्क बांधला आणि कोरड्या मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडलं. घरात झाडलं असतं तर सगळे बीजाणू पुन्हा कपाटातच गेले असते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं करून त्यात फडकं बुडवलं, घट्ट पिळलं आणि आधी अस्तराजवळच्या, न दिसणाऱ्या पट्टीवर लावून पाहिलं. फडक्यावर किंचित तपकिरी रंग उतरला. पोटात गोळा आला! तरी बुरशी घालवायची तर होतीच, म्हणून कॉलर न घासता नुसती टिपून काढली.

वाळवणं मात्र सावलीतच. उन्हाचा धडा आधीच मिळालेला होता: एकदा भिजलेलं जॅकेट कडक उन्हात टाकलं, तर उजव्या बाहीचा कोपराजवळचा भाग पापडासारखा कडक झाला आणि तो पुढे कशानेच मऊ झाला नाही. या वेळी खिसे उलटे करून दोन दिवस वाऱ्यावर टांगलं.

अल्कोहोलने चामडं कोरडं पडतं, म्हणून शेवटी चामडं मऊ ठेवणारं लेदर कंडिशनर. इथे मी हात सैल सोडला. बाह्या इतक्या चिकट झाल्या की कोरड्या सुती कापडाने पुसून पुसून दमलो. एका बाहीला वाटाण्याएवढं पुरतं, आणि एक पातळ हात पूर्ण मुरल्यावरच, लागलाच तर, दुसरा. (हे सगळं गुळगुळीत चामड्याचं झालं. स्वेडवर, म्हणजे मखमलीसारख्या लवदार चामड्यावर, असलं काही लावू नका, डाग पडतील.)

आता जॅकेट रुंद खांद्यांच्या हँगरवर, सुती पिशवीत असतं. कपाटात आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलंय. काटा ६० टक्क्यांच्या वर गेला की कपाटाचं दार उघडं टाकतो आणि पंखा लावतो. कॉलरवर एक फिकट डाग राहिलाय, उजेडात तिरकं धरलं तरच दिसतो.