पितळी बिल्ल्याचा माग : नागपूर, भंडारा, पवनी आणि आमचे पणजोबा

आजी गेल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली तेव्हा तळाशी एक पितळी बिल्ला सापडला, त्यावर बी.एन.आर. अशी रेल्वेची अक्षरं आणि खाली एक नंबर. घरात कुणालाच कळेना हा कुणाचा. आमच्याकडे लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट एवढीच की बाबांचे आजोबा पवनीचे, तिथून आगगाडीत बसून नागपूरला आले आणि एम्प्रेस मिलमध्ये जन्मभर नोकरी केली. संपलं. मग रेल्वेचा बिल्ला पेटीत कसा? या एका प्रश्नापायी डिसेंबरात मी आणि बाबा (वय ७४) चार दिवस नागपूर-भंडारा-पवनी फिरलो. आपल्या घरातलं असं काही शोधायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवते, कारण आम्हाला हे आधी कुणी सांगितलं असतं तर सुरुवातीचा बराच वेळ वाया गेला नसता.

सुरुवात नागपुरातच केली. आमचं जुनं घर तांडापेठेत, म्हणजे पाचपावली-गोळीबार चौकाच्या बाजूला, सगळी कोष्ट्यांची, म्हणजे विणकरांची वस्ती. पहिल्या दिवशी सकाळी तर्री पोहा खाऊन आधी जुम्मा तलाव, म्हणजे आताचा गांधीसागर, तिथं गेलो. एम्प्रेस मिल याच भागात होती. जमशेदजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं म्हणून नाव एम्प्रेस. आता त्या जागेवर एम्प्रेस सिटी मॉल आहे. बाबा मॉलच्या बाहेर बराच वेळ उभे राहिले, त्यांना लहानपणचा भोंगा आठवत होता, भोंगा झाला की गल्लीतून माणसांची रांग निघायची म्हणे. पण खरं सांगायचं तर तिथं उभं राहून आम्हाला माहिती काहीच मिळाली नाही. जागा बघायची तर शेवटी बघा, आधी कागद शोधा.

कागदांमध्ये सगळ्यात कामाचा निघाला शाळेचा दाखल-खारीज. हे रजिस्टर म्हणजे मूल शाळेत घातलं त्या दिवशीची नोंद: नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, आणि पालकाचा धंदा. हा शेवटचा रकाना लक्षात ठेवा! आम्ही आधी फक्त माझ्या आजोबांची नोंद मागितली, ती मिळाली, १९२८ ची, पालकाचा धंदा "रेल्वे". म्हणजे बिल्ला खरा होता. आनंदात आम्ही निघणारच होतो तेवढ्यात तिथल्या मॅडम म्हणाल्या, "ताई, त्यांच्या भावाबहिणींचं नाही का बघायचं?" त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आजोबांच्या थोरल्या भावाची नोंद १९१८ च्या जूनची, धंदा "मिल". धाकट्या बहिणीची १९३७ ची, धंदा "विणकाम". आणि मुलींच्या शाळेच्या वेगळ्या रजिस्टरात (ती शाळा केव्हाच बंद पडली, कागद दुसऱ्या शाळेत ठेवलेत, दोन ठिकाणी विचारत जावं लागलं) एका मुलीची नोंद, १९१३, तेच बापाचं नाव, तीच गल्ली, धंदा "विणकाम". या मुलीचं नाव आमच्या घरात कुणी कधी घेतलेलंच नव्हतं. बाबांना स्वतःच्या थोरल्या आत्याचं नाव चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

म्हणजे बघा, एका माणसाच्या कामाचा सगळा प्रवास त्याच्या चार मुलांच्या शाळेच्या नोंदीत होता, माग, मिल, रेल्वे आणि परत माग. पणजोबांच्या स्वतःच्या नावाचा एकही कागद तोपर्यंत आमच्याकडे नव्हता. म्हणून माझा पहिला सल्ला हाच, फक्त आपल्या आजोबांच्या मागे लागू नका, त्यांची सगळी भावंडं काढा, आणि मुलींच्या नोंदी तर नक्की काढा, त्या वेगळ्या ठेवलेल्या असतात आणि कुणी विचारत नाही म्हणून कुणी काढत नाही.

शाळेत जाताना जून-जुलै आणि परीक्षेचे दिवस टाळा, मुख्याध्यापकांच्या नावाने साधा अर्ज लिहून न्या, सोबत तुमचं आधार आणि नातं दाखवणारं काहीतरी, आमच्याकडे बाबांचा शाळेचा दाखला आणि आजोबांचं रेशन कार्ड होतं. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. आणि शिक्का मारलेली प्रमाणित नक्कल त्याच दिवशी मागून घ्या, परत यायचं म्हटलं की राहूनच जातं.

आता त्या आत्याआजीच्या नोंदीत आणखी एक गोष्ट होती जी मला रात्री झोपताना लक्षात आली. जन्मगाव नागपूर, जन्म १९०६. आणि नागपूर-नागभीडची छोटी लाइन, उमरेड-भिवापूरवरून पवनीच्या बाजूने जाणारी, ती सुरू झाली १९०८ ला. मग पणजोबा आगगाडीत बसून आले कसे? आले नाहीतच. पायी आले असतील नाहीतर बैलगाडीने, लाइनच्या आधी. आगगाडीची गोष्ट खोटी नव्हती पण ती नंतरची होती, ते गाडीत बसून आले नाहीत, पुढे गाडीवर कामाला लागले, आणि सांगता सांगता दोन्ही गोष्टी एकीत मिसळल्या. घरच्या गोष्टी टाकून देऊ नका, फक्त प्रत्येक गोष्टीतली तारीख कुठल्या तरी पक्क्या तारखेशी लावून बघा, लाइन कधी आली, मिल कधी सुरू झाली, दुष्काळ कधी पडला.

ते का आले असतील हे कुठल्या कागदात नाही. पण १८९६-९७ आणि लगेच १८९९-१९०० असे दोन मोठे दुष्काळ मध्य प्रांतात पडले, आणि दुष्काळात सगळ्यात आधी उपाशी राहतो तो विणकर, कारण दाणा महाग झाला की लुगडं कोण घेतं? पणजोबा तेव्हा पोरवयाचे. मला वाटतं त्यांच्या घरचा माग तेव्हाच अडला असणार.

दुसऱ्या दिवशी रेल्वे. इथे आमचा सकाळचा वेळ गेला कारण आम्ही आधी उलट्याच रेल्वेकडे चौकशी केली. नागपुरात दोन रेल्वे आहेत हे नागपूरकरांना माहीत असतं पण शोधताना डोक्यात येत नाही. तुमचे आजोबा-पणजोबा जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) मध्ये होते तर ती आजची मध्य रेल्वे. बी.एन.आर. म्हणजे बेंगॉल नागपूर रेल्वे, कंपनी १८८७ ची, १९५५ मध्ये तिची दक्षिण पूर्व रेल्वे झाली आणि आता नागपूरचा तो भाग दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत येतो. दोघांचीही डी.आर.एम. (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसं नागपुरातच आहेत, त्यामुळे चूक होतेच. शंभर वर्षांपूर्वीच्या रेल्वे खलाशाचा, म्हणजे साध्या कामगाराचा, सर्व्हिस रेकॉर्ड मिळेल अशी आशा धरू नका, आम्हाला मिळाला नाही. पण बिल्ला, पास, फंडाची चिठ्ठी, ग्रुप फोटो यातलं घरात काही असेल तर ते घेऊन मोतीबागला जा.

मोतीबागचं नॅरोगेज रेल संग्रहालय आमच्या घरापासून जवळच होतं आणि मी आयुष्यात कधी आत गेले नव्हते. मेट्रोनं कडबी चौकात उतरून ऑटो घ्या, सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. २००२ च्या डिसेंबरात सुरू झालंय. अडीच फुटी रुळांची छोटी इंजिनं, डबे, कंदील, सिग्नलची जुनी यंत्रं, असं बरंच काही आहे. तिथं भेटलेल्या एका रिटायर्ड काकांनी बिल्ला हातात घेतला, उलटा केला, अंगठ्याने पुसला आणि म्हणाले, "हा तं रोज छातीवर लावाचा असते जी, हरवला तं दंड. म्हणून तं इतका जपला त्यानं." त्यांच्याच सांगण्यावरून कळलं की पाचपावली-तांडापेठेतली बरीच माणसं मोतीबागच्या कारखान्यात होती, चालत जाण्याइतकं जवळ म्हणून. मग पणजोबांनी मिल सोडून रेल्वे का धरली याचं निदान एक कारण समोर आलं. दुसरं कारण भंडाऱ्यात मिळालं आणि ते मला अजून जड जातं.

तिसऱ्या दिवशी भंडारा. एस.टी.नेच जा, गाड्या भरपूर आहेत, रेल्वेने गेलात तर भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, गावापासून दहा किलोमीटरच्या आसपास. पवनी आज स्वतंत्र तालुका असला तरी इंग्रजांच्या काळात भंडारा तहसिलीत होती, त्यामुळे जुनं काही हवं तर आधी भंडाऱ्यात विचारा. तिथे मागायचं ते कोतवाल बुक. गावच्या कोतवालाने दिलेल्या जन्म-मृत्यूच्या खबरींची ही नोंदवही. रेकॉर्ड रूममध्ये सगळ्यांना आधी वाटलं आम्ही व्हॅलिडिटीसाठी, म्हणजे जात पडताळणीसाठी आलो, "जातीच्या दाखल्याचं काम का ताई?" नाही म्हटलं, पणजीला शोधतोय, तर तिथल्या भाऊंनी खुर्ची दिली आणि स्वतः गठ्ठे काढले.

जायच्या आधी तीन गोष्टी तयार ठेवा. मौजा, म्हणजे गावाचं नेमकं नाव, कारण एकाच नावाची दोन-तीन गावं असतात. साल, निदान पाच वर्षांच्या अंदाजात. आणि बापाचं नाव, कारण या नोंदींमध्ये आडनाव बहुतेक नसतंच, "अमुक वल्द तमुक, कौम कोष्टी, साकीन अमुक" (वल्द म्हणजे मुलगा, कौम म्हणजे जात, साकीन म्हणजे राहणार) असं लिहिलेलं असतं, आणि आडनाव घेऊन बसलात तर हाती काहीच लागणार नाही. काही पानं मोडीत असतात, वाचणारा माणूस सोबत असेल तर फार बरं. मास्क न्या, धुळीने बाबांना दोन दिवस खोकला होता. ऑनलाइन "आपले अभिलेख" वर काही जिल्ह्यांचे जुने जमिनीचे कागद स्कॅन करून टाकलेत, आपला जिल्हा त्यात आहे का ते घरीच बघून निघा.

आम्हाला साल कुठून मिळालं? थोरला मुलगा १९१८ च्या जूनमध्ये शाळेत, आणि माझ्या आजोबांचा जन्म १९२१ चा, आणि आजोबा नेहमी म्हणायचे की मी आईचं पहिलं मूल. मग आधीच्या दोन मुलांची आई कोण? ती कुठं गेली? म्हणून १९१८ चं बुक मागितलं, पणजोबांच्या सासुरवाडीचं, पवनीजवळचं वैनगंगेकाठचं एक लहान खेडं (ते नाव बाबांना कुठल्याशा लग्नाच्या याद्यांमधून आठवत होतं). १९१८ ची मानमोडी तुम्ही ऐकली असेल, म्हातारी माणसं अजून नाव काढतात, इन्फ्लुएंझाची साथ. ऐकणं वेगळं. ते पान उघडलं तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकाखाली एक, एकाखाली एक, कारण "ताप", "ताप", "ताप". एरवी महिन्याला दोन-चार ओळी असणाऱ्या गावाची पानंच्या पानं. त्यात खालून चौथी ओळ आमची. पणजोबांची पहिली बायको, माहेरी आलेली, ताप. वय लिहिलंय २८. बाबा काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त त्या ओळीवर बोट ठेवलं आणि भाऊंनी त्यांना पाणी आणून दिलं.

मिलमधली पाळी आणि घरात आईविना दोन मुलं. मोतीबाग घराजवळ. मला वाटतं मिल त्यामुळेच सुटली. हा माझा अंदाज आहे, कागद नाही.

चौथ्या दिवशी पवनी. नागपूरहून थेट जायचं असेल तर गणेशपेठच्या स्टँडवरून उमरेड-भिवापूर मार्गे एस.टी., दोन-अडीच तास धरा. छोटी लाइन नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाली, शिवाय पवनी रोड स्टेशनही गावाला लागून नाहीच. पवनीला विदर्भाची काशी म्हणतात ते घाटावर गेल्यावर पटतं, वैनगंगेचं पाणी, देवळं, किल्ल्याचा दरवाजा, आणि जगन्नाथ टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूप, त्याचं उत्खनन १९६९-७० मध्ये झालं. एवढ्या लांब गेलात तर हे बघून या, पण आधी कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात जा, सकाळी, म्हातारी माणसं दुपारी झोपतात. आमचं नाव सांगितलं तर कुणी ओळखेना, पण पहिल्या पणजीच्या माहेरचं नाव सांगितल्याबरोबर एक नव्वदीच्या आजी उठून बसल्या. "बसा नं जी. ते नागपूरवाले तुम्ही? पोरीले मोहाडीत देलती, थोरलीले." थोरलीला, म्हणजे आमच्या आत्याआजीला, भंडारा जिल्ह्यातल्याच मोहाडीत दिली होती! बायांच्या बाजूने विचारा, आठवण तिकडे जास्त टिकते.

परत आल्यावर तांडापेठेच्या जुन्या घरात गेलो, आता तिथं काकांचं कुटुंब राहतं. पुढच्या खोलीत फरशी एका जागी थोडी बसलेली आहे, लहानपणी आम्ही तिथं गोट्या खेळायचो, गोट्या सगळ्या तिकडेच जायच्या. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "अगं तिथं मागाचा खड्डा होता नं, बुजवला नंतर." पणजोबा रेल्वेतून सुटल्यावर परत मागावर बसले ते इथंच. १९३७ च्या नोंदीतलं "विणकाम" ते हेच. बाबांनी पायाने चाचपून खड्ड्याची कड शोधली, साधारण हातभर रुंद, आणि मग खुर्ची ओढून तिथंच बसून चहा घेतला.

संक्रांत झाली की मोहाडीला जाणार आहोत, थोरल्या आत्याआजीचं सासर शोधायला. मोहाडीच्या कोष्टी मोहल्ल्यातलं कुणी हे वाचत असेल आणि घरात नागपूरहून आलेली एखादी सून आठवत असेल, अंदाजे १९२० च्या आसपास लग्न होऊन आलेली आणि चार अक्षरं वाचता येणारी, तर कृपया कळवा. बिल्ला सोबत घेऊन येऊ.