इलेक्ट्रिक की पेट्रोल: आठ वर्षांचा हिशेब आणि अडून बसलेला एक रकाना

इंधनाचा रकाना अर्ध्या तासात भरला. विमा, कर आणि सर्व्हिसिंगला आणखी एक संध्याकाळ लागली. ‘आठ वर्षांनी ही गाडी केवढ्याला जाईल’ या रकान्यापाशी मात्र हिशेब तीन आठवडे अडून बसला. विक्रेत्यांच्या तयार तक्त्यांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यांत हा रकाना एक तर नसतोच, नाही तर दोन्ही गाड्यांना सारखीच टक्केवारी चिकटवलेली असते. नवी गाडी घेणाऱ्याचा सगळ्यात मोठा खर्च बहुधा घसारा, म्हणजे गाडीच्या किमतीत होणारी घट, असतो, आणि नेमका तोच गायब!

सोपं ते आधी उरकतो. वीज आणि पेट्रोलची तुलना पैशांत करण्याआधी युनिट आणि लिटरमध्ये करा. पेट्रोल गाडी लिटरला १५ किमी देत असेल तर १०० किमीला ६.६७ लिटर लागतात. त्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी बॅटरीतून साधारण १६ युनिट घेते. चार्जिंगमध्ये दहा-पंधरा टक्के वीज वाया जाते, म्हणून भिंतीवरच्या मीटरवर १८ धरा. १८ भागिले ६.६७ म्हणजे २.७. एका लिटरच्या पैशांत २.७ युनिटांपेक्षा जास्त वीज येत असेल तर धावण्याचा खर्च विजेचा कमी. हा भागाकार घरच्या दराने एकदा आणि रस्त्यावरच्या फास्ट चार्जरच्या दराने एकदा करा. दुसऱ्या वेळी उत्तर उलटंही येऊ शकतं.

डॅशबोर्डवरचा सरासरी आकडा इथे वापरू नका. तो बॅटरीतून बाहेर पडलेल्या विजेचा असतो, बिल मात्र मीटरवरच्या विजेचं येतं. उलट डब्ल्यूएलटीपी या प्रयोगशाळेतल्या प्रमाणित चाचणीच्या वीजवापराच्या आकड्यात चार्जिंगची गळती आधीच धरलेली असते. त्यात पुन्हा १५ टक्के मिळवले तर तीच गळती दोनदा मोजली जाते.

आता तो रकाना. पैशांचे आकडे बाजूला ठेवून पेट्रोल गाडीची किंमत १०० मानू आणि इलेक्ट्रिकची १२५. पेट्रोल गाडी आठ वर्षांनी ३५ ला जाईल असं गृहीत धरू. आठ वर्षांनी हातात येणारे पैसे आजच्या पैशांइतके नसतात; ८ टक्के व्याजदराने तेव्हाचा एक रुपया आजचे ५४ पैसे. म्हणजे पेट्रोल गाडीचा खरा घसारा १०० वजा १८.९, अर्थात ८१.१. इलेक्ट्रिकला मूळ किमतीच्या ३० टक्के मिळाले तर घसारा १०४.७, आणि ४५ टक्के मिळाले तर ९४.६. दोन गाड्यांमधला फरक एका अंदाजाने २३.६, दुसऱ्याने १३.५.

वर्षाला १५,००० किमी धावणाऱ्या गाडीची इंधनातली बचत या मापात वर्षाला ५ धरली, तर आठ वर्षांची मिळून आजच्या मोलाने २८.७ होते. दोन्ही अंदाजांत इलेक्ट्रिक पुढे. गाडी ७,५०० किमीच धावत असेल तर बचत १४.४ वर येते. मग ४५ टक्क्यांना इलेक्ट्रिक जेमतेम जिंकते आणि ३० टक्क्यांना सपशेल हरते. एका रकान्याने सगळा निकाल फिरतो. सर्व्हिसिंगची बचत यात मुद्दाम घेतलेली नाही, ती शेवटी मिळवा.

मग ३० की ४५? दोन गोष्टी ठरवतात. पहिली म्हणजे नव्या गाड्यांची किंमत. २०१० ते २०२४ या काळात बॅटरी पॅकचा सरासरी दर ९० टक्क्यांच्या आसपास उतरला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप पडतो, तिच्यात काहीही बिघडलेलं नसताना. दुसरी म्हणजे बॅटरीची तब्येत.

इथे वॉरंटीचा कागद पुढे येतो. बहुतेक कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, यांतलं जे आधी होईल तोवर, ७० टक्के क्षमतेची हमी देतात. हे ७० टक्के कशाचे? कोणाच्या यंत्रावर मोजलेले? सेकंडहँड बाजाराचा अंदाज घ्यावा म्हणून एका जुन्या गाडीच्या बॅटरीचा अहवाल मागितला. सेवा केंद्राने नऊ दिवसांनी जो कागद दिला त्यावर ‘बॅटरी सुस्थितीत’ एवढंच होतं. टक्का नाही, तापमान नाही, तारीखही हाताने घातलेली. असल्या कागदावर कोणी भाव ठरवावा?

टक्का घरीच काढता येतो, आणि मी आता तेच सुचवीन. बॅटरी १० टक्क्यांवर आणा, वीजमीटर लावलेल्या एसी चार्जरवर (घरच्या साध्या विजेवर चालणाऱ्या) एका दमात १०० पर्यंत भरा. समजा मीटरवर ४० युनिट पडले. गळतीसाठी ०.८८ ने गुणा, ३५.२ आले. भरले ९० टक्के, म्हणून ०.९ ने भागा, ३९.१. नवी असताना वापरण्याजोगी क्षमता ४५ होती तर तब्येत ८७ टक्के. पाचेक टक्के इकडेतिकडे होणारच. कडाक्याच्या थंडीत हे करू नका. पॅक गरम ठेवायलाही वीज जाते आणि सगळं गणित बिघडतं.

भागताना माहितीपत्रकातली एकूण क्षमता घेतली तर चांगली बॅटरीही आजारी दिसते. एकूण आणि वापरण्याजोगी यांत काही टक्क्यांचा राखीव भाग असतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरीत आणखी एक भानगड आहे: तिचा व्होल्टेज बराच काळ जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे पडद्यावरचा टक्का हळूहळू भरकटतो. मोजण्याआधी ती एकदा पूर्ण १०० पर्यंत भरून घ्या. कंपनीही बहुधा आठवड्यातून एकदा तसं करायला सांगते. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) या दुसऱ्या प्रकारच्या बॅटरीला रोज १०० पर्यंत भरणं मानवत नाही, तिला ८० पुरे.

कमी धावलेली इलेक्ट्रिक गाडी म्हणजे जवळजवळ नवी, असंही नसतं. बॅटरी किलोमीटरने झिजते तशी कॅलेंडरनेही झिजते, आणि भरलेल्या अवस्थेत उन्हात उभी राहून तर जास्तच.

हिशेबातली सर्रास होणारी चूक म्हणजे नवीन बॅटरीचा खर्च धरायचा आणि वर विक्रीची किंमतही कमी धरायची. घेणारा बॅटरीची झीज भावातूनच कापून घेतो. आठ वर्षांनी विकणार असाल तर बॅटरीचा वेगळा रकाना काढून टाका. बारा-पंधरा वर्षं वापरणार असाल तर उलट करा: विक्री शून्याजवळ धरा आणि दुरुस्तीला रक्कम ठेवा. ती अख्ख्या पॅकची असायलाच हवी असं नाही, कित्येक बिघाड एखाद्या मॉड्यूलचे (पॅकमधल्या एका भागाचे) किंवा नियंत्रक सर्किटचे असतात.

शेवटी मी भाकीत करणं सोडलं आणि प्रश्नच उलटा केला. दोन्ही गाड्या बरोबरीत सुटायला इलेक्ट्रिकला किमान किती टक्के भाव मिळायला हवा? वर्षाला १५,००० किमीला २२-२३ टक्के, १०,००० ला ३७, ७,५०० ला ४४. आपल्या भागात त्याच वयाच्या गाड्या कितीला जातात ते पाहून हा टक्का गाठेल की नाही, एवढंच ठरवायचं. तीन आठवड्यांचं काम दहा मिनिटांत झालं. आधी का सुचलं नाही कोण जाणे!

मायलेजचं सांगायचं राहिलं. शहरात १० आणि महामार्गावर २० मिळतात म्हणून सरासरी १५ धरू नका. दोन्हीकडे सारखंच अंतर धावत असाल तर खरी सरासरी १३.३ येते, कारण शहरातला प्रत्येक किलोमीटर दुप्पट पेट्रोल पितो. लिटर मोजा आणि एकूण किलोमीटरना त्यांनी भागा.

सर्व्हिसिंगमध्ये इंजिन ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग हे पेट्रोलच्या बाजूला. केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी दोन्हीकडे. ही छोटी बॅटरी मेली की इलेक्ट्रिक गाडीही जागची हलत नाही. टायरचा खर्च मात्र इलेक्ट्रिकला थोडा वाढवून धरा. वजन जास्त आणि जोर पहिल्या क्षणापासून. ब्रेक पॅड फार टिकतात, पण वापर कमी म्हणून डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपरच्या पिना अडकतात. वर्षातून एकदा त्या काढून ग्रीस लावून घ्यायची मजुरी रकान्यात लिहून ठेवा.