गणेशपट्टीला सात तास का लागतात?

घरच्या छोट्या सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेनुसार लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर, कोरलेली गणेशपट्टी पाहणारे बहुतेक जण मला एकच प्रश्न विचारतात: यंत्र आहे, संगणक आहे, मग एवढ्याशा लाकडाला सात-सात तास का लागतात? तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर सांगतो, कारण उठावाच्या कोरीवकामाचे बरेचसे मर्म याच प्रश्नात आहे.

पट्टी २८० मिलिमीटर लांब आणि १५० मिलिमीटर रुंद आहे, आणि तिच्यातला उठाव १० मिलिमीटर खोल आहे. जाड बिटने (यंत्रात बसवलेल्या फिरत्या पात्याने) नको असलेले लाकूड काढून टाकण्याचे काम, म्हणजे रफिंग, तुलनेने लवकर आटोपते. खरा वेळ जातो तो फिनिशिंगला, म्हणजे बारीक बिटने अंतिम आकार कोरण्याला. त्यासाठी वापरायच्या निमुळत्या बिटचे टोक गोल असून त्याचा व्यास १ मिलिमीटर असतो. ते लांबीच्या दिशेने एक रेघ ओढते, ०.१ मिलिमीटर बाजूला सरकते आणि पुढची रेघ ओढते. १५० मिलिमीटर रुंदीत अशा १,५०० रेघा बसतात, म्हणजे टोकाचा एकूण प्रवास ४२० मीटर होतो, आणि मिनिटाला एक मीटर या वेगाने त्याला सात तास लागतात.

मग ०.२ मिलिमीटर सरकवून वेळ निम्मा का करू नये? गोल टोकाच्या दोन शेजारच्या रेघांमध्ये, शेतातल्या दोन सऱ्यांमध्ये राहतो तसा, एक बारीक वरंबा शिल्लक राहतो. रेघांमधले अंतर दुप्पट केले की या वरंब्याची उंची चौपट होते. ०.१ मिलिमीटर अंतराला ती ०.००२५ मिलिमीटर असते, ०.२ ला ०.०१ आणि ०.४ ला ०.०४. हे आकडे नगण्य वाटतात, परंतु पॉलिश चढल्यावर खिडकीतून तिरपा उजेड आला की ०.०४ मिलिमीटरच्या रेघा गणपतीच्या गालावर स्पष्ट दिसतात. त्या पॉलिश पेपरने घासून काढता येतात, हे खरे. पण तो कागद वरंबा आणि पापणीची कड यांत भेद करत नाही. म्हणून मी यंत्राला जास्त वेळ देतो आणि कागद शक्य तितका दूर ठेवतो.

सगळ्या पट्टीला एवढ्या बारकाईची गरज नसते. टोक जितके मोठे, तितका त्याच अंतराला वरंबा लहान. त्यामुळे मागची सपाट जागा आणि प्रभावळीचा मोकळा भाग ३ मिलिमीटर व्यासाच्या गोल बिटने ०.३ मिलिमीटर अंतर ठेवून केला, तरी वरंबा ०.०१ मिलिमीटरच्या आतच राहतो आणि त्या भागाचा वेळ एक तृतीयांश होतो. चेहरा, सोंड, हात आणि दागिने यांना मात्र बारीक टोकच हवे. तरीही हिशेबात जेवढा वेळ वाचतो, तेवढा प्रत्यक्षात वाचत नाही. सोंडेच्या वळ्यांवर बिटला सतत चढ-उतार करावा लागतो, आणि हौशी यंत्राचा उभा अक्ष आडव्या अक्षांपेक्षा सावकाश चालत असल्याने तीव्र उतारावर सगळी गतीच मंदावते. वेग वाढवावा, तर हलकी चौकट थरथरते आणि ते नाजूक टोक मोडते.

संगणकावरची फाइलही तितकीच बारीक असावी लागते. करड्या छटांच्या चित्रावरून उठाव काढताना प्रत्येक छटा एक खोली दाखवते, आणि आठ बिटच्या (इथे बिट म्हणजे संगणकातले माहितीचे एकक) चित्रात केवळ २५६ छटा मिळतात. १० मिलिमीटर खोलीत त्या वाटल्या, तर प्रत्येक पायरी सुमारे ०.०४ मिलिमीटरची होते, आणि पोटाच्या गोलाईवर नकाशातल्या समोच्च रेषांसारख्या पायऱ्या उमटतात. मी सोळा बिटचे चित्र किंवा थेट त्रिमितीय फाइल वापरतो.

लाकडाचाही वाटा आहे. पाइनच्या मऊ आणि कडक वलयांमुळे बारीक तपशिलाच्या कडांना कुसे उभी राहतात, तर चांगले वाळलेले सागवान स्वच्छ कापले जाते. पण सागातील सिलिकामुळे बिटची धार लवकर जाते, म्हणून कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचेच बिट लागते. बोथट बिट कापण्याऐवजी घासू लागते, लाकूड करपते, आणि भुशात ठिणगी पडण्याचा धोका असतो. त्यामुळे यंत्र चालू असताना मी तोंडाला मास्क लावून तिथेच थांबतो. सात तासांत ते एकटे सोडण्याजोगे मला कधीच वाटलेले नाही.

तरीही काही जागा यंत्राला साधत नाहीत. तीन अक्षांचे यंत्र फक्त वरून उतरते, म्हणून सोंडेच्या खालची पोकळी त्याला कोरता येत नाही. आणि माळेच्या दोन मण्यांमधली फट १ मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल, तर टोक तिच्या तळापर्यंत पोहोचतच नाही. तिथे मी बारीक पटाशी हातात घेतो.

कोणाला पट्टी लवकर हवी असेल, तर मी रेघांमधले अंतर वाढवत नाही. माळ, बाजूबंद आणि प्रभावळीची वेलबुट्टी कमी करून मूर्ती मोठी घेऊ या, असे सुचवतो. मोठ्या टोकाला पोहोचता येईल असे आकार असले, की पृष्ठभाग तितकाच गुळगुळीत राहून काम तीन-चार तासांत होते.