रोजनिशी : नववं पुस्तक संपलं

रात्रीचा दीड वाजलाय, कूलर फुल्लवर आहे तरी खोली तापलेलीच, आणि झोप काही येऊन नाही राहिली, कारण मार्टिन बेक या स्वीडिश पोलीस डिटेक्टिव्हच्या सिरीजचं नववं पुस्तक आत्ता संपवलं आणि त्यात त्याचा सहकारी कोलबर्ग याने राजीनामा दिला. पुस्तकातल्या पोलिसाच्या राजीनाम्याचं एवढं काय मनावर घ्यायचं असं कोणी म्हणेल, पण हा माणूस पहिल्या पुस्तकापासून सोबत आहे. जाड, खायचा शौकीन, आणि जवळ बंदूक न ठेवणारा, कारण फार आधी त्याच्या हातून चुकून एक सहकारी मेला होता. ते ओझं घेऊन तो नोकरी करत राहतो आणि शेवटी म्हणतो, बस झालं. मला खरंच खूप वाईट वाटलं.

ही सगळी दहा पुस्तकं माय श्योवाल आणि पेर वालू या स्वीडनच्या जोडीने 1965 ते 1975 मध्ये लिहिली. पोरं झोपली की रात्री लिहायला बसायचे, एक प्रकरण तिचं, एक त्याचं. दहाच लिहायची हे दोघांचं आधीपासून ठरलेलं होतं, आणि 1975 मध्येच वालू गेले, त्यामुळे पुढे काही नाही. म्हणून दहावं अजून उघडलंच नाही, तसंच कपाटात ठेवलंय.

पण मी जिथे खरी अडकले ते पहिलं पुस्तक, रोझॅना. कालव्यातला गाळ उपसताना एका बाईचं प्रेत वर येतं. अंगावर कपडे नाहीत, कागद नाही, नाव नाही. आणि मग महिनेच्या महिने काहीच होत नाही. बेकला सर्दी, डोकं दुखतंय, घरी बायकोशी धड बोलणं नाही, रात्री एकटा बसून लाकडी जहाजाचं मॉडेल जोडतो. शेवटी नाव कळतं ते थेट अमेरिकेहून, लिंकन नावाच्या शहरातली लायब्रेरियन होती ती. मग हे लोक काय करतात, तर ती ज्या बोटीने प्रवास करत होती तिच्यावरच्या प्रवाशांना शोधून प्रत्येकाकडून सुट्टीतले फोटो मागवतात. कोणाच्या पोराबाळांचे, कोणाच्या बायकोचे फोटो, आणि त्यांच्या मागे कुठेतरी कोपऱ्यात ही, जिवंत, कठड्याला टेकून उभी. तेवढ्यात ती प्रेत राहत नाही, बाई होते. ते पान मी मेट्रोत वाचून राहिले होते, बर्डी स्टेशन आलं तरी उतरावंसं वाटेना.

तेव्हापासून पेपरचं शहराचं पान वाचताना हात थांबतो. 'अनोळखी महिलेचा मृतदेह आढळला, ओळख पटलेली नाही', दोन ओळी, खाली कोचिंग क्लासची मोठी जाहिरात. पुढे तिचं काय झालं, नाव कळलं का, कोणी न्यायला आलं का, हे कधीच छापून येत नाही. आधी मी पण पान उलटायची. आता नाही होत ते माझ्याच्यानं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका आहेत, हेड कॉन्स्टेबल म्हणून रिटायर झालेले. त्यांना ही स्टोरी सांगितली तर म्हणाले, "बेटा, असंच असते ते. गावोगावच्या ठाण्यांत फोन लावत बसायचं, मिसिंगच्या नोंदी पाहायच्या, फोटो पाठवायचे. पळापळी तर सिनेमात." मग थोडं थांबून म्हणाले, "नाव नाही भेटलं ना, की लय दिवस डोक्यात राहते." मी पुढे काही विचारलं नाही.

बाबांना बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांमधला झुंजार आवडायचा, मी पण त्याच्यावरच वाढले, पण तिथे धाकधूक वेगळी, आपला माणूस सुटणार हे पक्कं असायचं. इथे सातव्याच्या शेवटी बेकला गोळी लागते, तर आठव्यात तो लगेच ठणठणीत नसतो, शरीरानं आणि मनानंही खचलेला असतो. त्याच्या आधीच त्याचा संसार मोडलेला. नंतरनंतर लेखक सरकारवर इतके चिडलेत की काही पानांवर चक्क भाषण होते, ते मला जड गेलं. पण खून जितका अंगावर येत नाही तितकं या लोकांचं वर्षानुवर्षं झिजणं येतं, म्हणून ही पुस्तकं मला इतर थ्रिलरपेक्षा जास्त काळी वाटतात. मधूनच कुठलंही उचलून वाचलं तर ते कळणार नाही. क्रमानेच वाचा.

काकांनी पहिलं पुस्तक मागितलंय. इंग्रजी वाचायला वेळ लागते म्हणे, पण वाचतो. उद्या सकाळी पाणी भरून झालं की देऊन येते.