कार्ड जुनं झालं, मैत्री संपली

२०१८ चा जानेवारी सर्व्हर सांभाळणारं कुणी विसरलं असेल असं वाटत नाही. ३ तारखेला मेल्टडाउन आणि स्पेक्टर ही प्रोसेसरमधली दोन सुरक्षा-भोकं जाहीर झाली. खोट प्रोसेसरच्या रचनेत, पण रात्री जागले कर्नलवाले, म्हणजे लिनक्सचा हार्डवेअरशी बोलणारा गाभा लिहिणारे. त्यात इंटेलच्या नव्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या दुरुस्तीने) काही मशिनं मध्येच रीबूट व्हायला लागली आणि २२ तारखेला कंपनीनेच सांगितलं, की तो बसवणं थांबवा.

आमच्या बॅकअप सर्व्हरवर फाइल सिस्टिमच्या गरजेमुळे कायम ताजा कर्नल असायचा. म्हणून महिनाअखेरीस आलेला ४.१५ चढवला. रीबूट केल्यावर सर्व्हर इनिटरॅमएफएसच्या, म्हणजे डिस्क सापडण्याआधीच्या तात्पुरत्या सिस्टिमच्या, प्रॉम्प्टवर येऊन अडला. एकही डिस्क दिसेना. रेड (RAID) कार्डाचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा, ड्रायव्हर नव्या कर्नलवर बिल्डच (कंपाइलच) झाला नव्हता. ग्रब या बूट मेनूमधून जुना कर्नल निवडून काम चालू केलं खरं, पण जुन्या कर्नलवर राहणं म्हणजे भोक तसंच उघडं ठेवणं.

बिल्डचा लॉग पाहिला. ड्रायव्हर 'इनिट_टायमर' हे फंक्शन मागत होता आणि ४.१५ मध्ये ते काढून टाकलेलं. त्याच्या जागी 'टायमर_सेटअप' आलं होतं. सगळा सोर्स हातात असता तर किरकोळ काम. पण पॅकेजमध्ये दोन गोष्टी होत्या: सी मधली एक छोटी फाइल, जी कुणीही वाचावी, आणि आधीच कंपाइल करून दिलेली भलीमोठी ऑब्जेक्ट फाइल. कार्डाची सगळी अक्कल त्या दुसरीत. पहिली निव्वळ दारावरची पाटी.

पाटी मी दुरुस्त केली. पूर्वी टायमरच्या कॉलबॅकला एक आकडा मिळायचा, आता टायमरचाच पॉइंटर मिळतो; त्यातून जुना आकडा काढून आतल्या फाइलीला द्यायचा. मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा ड्रायव्हर) लोड झालं, डिस्क दिसल्या आणि डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, ओळ उमटली, की मालकी परवान्याच्या मॉड्यूलमुळे कर्नल 'टेंटेड' (डागाळलेला) झाला आहे. आता काही बिघडलं तर कर्नलवाले विचारणार, आधी हे मॉड्यूल काढून बघितलंत का? त्यांचंही बरोबरच आहे. न दिसणारा कोड ते तरी कसा तपासणार?

कार्ड बनवणाऱ्या कंपनीला कळवलं. उत्तर आलं: या मॉडेलचा सपोर्ट संपला आहे, नवं मॉडेल घ्या, त्याचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच आहे. विश्वास बसेना म्हणून कर्नलच्या कोडमधल्या बदलांची नोंद, म्हणजे गिट लॉग, काढला, तर खरंच, त्या कंपनीच्या ईमेल पत्त्यांवरून आलेले पॅच एकाखाली एक. कामही नीटनेटकं. फक्त आमच्या कार्डासाठी त्यात एक ओळ नव्हती.

याला ढोंग म्हणावं असं मला वाटत नाही. हा हिशेब आहे. ड्रायव्हर कर्नलमध्ये नसेल तर मोठी डेटा सेंटरं नवं कार्ड घेणार नाहीत, म्हणून तो कर्नलमध्ये. जुनं कार्ड विकून झालं होतं. २०१२ मध्ये लिनक्सचा जनक टॉरवाल्ड्सने भर कार्यक्रमात ग्राफिक्स चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, तरी तिची कर्नल मॉड्यूल खुली व्हायला २०२२ उजाडलं, आणि तेव्हाही युजरस्पेस (कर्नलबाहेरचा ड्रायव्हरचा भाग) आणि फर्मवेअर (चिपमध्ये चालणारा कोड) बंदच राहिलं. एएमडीने २००७ मध्ये ग्राफिक्स चिपांची कागदपत्रं द्यायचं ठरवलं, त्याचे आभार आजही मानतो; तिथेही फर्मवेअर मात्र बंद. आणि कंपनीची इच्छा असून भागतंच असं नाही. एएमडीने एचडीएमआय २.१ या स्क्रीन जोडण्याच्या मानकासाठी खुला ड्रायव्हर लिहिला होता. २०२४ मध्ये ते मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमने त्याला नकार दिला.

पुढच्या खरेदीच्या कागदात मी एक अट घातली: ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये असलाच पाहिजे. एका विक्री प्रतिनिधीने फोन करून विचारलं, "सर, आमचा ड्रायव्हर साइटवरून फुकट उतरवता येतो, तेवढं चालेल ना?" नाही म्हणालो. दोन आठवड्यांनी त्याच कंपनीचं दुसऱ्या मॉडेलचं कोटेशन आलं, कर्नलमधल्या ड्रायव्हरच्या नावासकट.