आमची वाटचाल : आधी गाठ, मग दोर

गोव्यातील फोंड्याचे आमचे दुकान मूळचे क्रीडासाहित्याचे. फुटबॉल, क्रिकेटच्या बॅटी आणि शालेय स्पर्धांचे चषक यांवर ते चालत असे. गिर्यारोहणाचे साहित्य त्यात आले ते हायकिंग मंडळाच्या कार्यशाळांमुळे. अशा एका कार्यशाळेत मी स्वतः विद्यार्थी म्हणून दाखल झालो, दोर हाताळायला शिकलो आणि त्यानंतरच तो विकायला ठेवला. हा क्रम आम्ही आजही पाळतो. आठाची गाठ ज्याला स्वतःच्या हार्नेसला (कमरेला बांधायच्या सुरक्षापट्ट्याला) नीट बांधता येत नाही, त्याला आम्ही दोर भाड्याने देत नाही. मंडळाच्या पुढच्या वर्गाची तारीख देतो. यामुळे काही गिऱ्हाईक परत जाते, पण हा व्यवसाय याच अटीवर करण्यासारखा आहे, असे माझे ठाम मत आहे.

गोव्यात गिर्यारोहण शिकण्यासारखे काय आहे, असे अनेक पालक विचारतात. आमचे सर्वांत उंच शिखर, सत्तरीतील सोसोगड, हजार मीटरच्या थोडेसेच वर जाते आणि बर्फाचा तर प्रश्नच नाही. तरीही गाठी, बिले (चढणाऱ्याचा दोर धरून त्याला सांभाळणे), आधारबिंदू (दोर जिथे बांधतात ती पक्की जागा) आणि रॅपलिंग (दोरावरून खाली उतरणे) या चार गोष्टी हिमालयात जशा लागतात तशाच इथेही लागतात. बिले देणाऱ्याचा ब्रेकचा, म्हणजे दोर रोखून धरणारा, हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये, ही सवय वीस फुटांच्या कातळावरही पक्की होते.

आधारबिंदूंच्या बाबतीत तर गोव्याची भूमी कठोर शिक्षक आहे. सड्यावरचा जांभा वरून टणक दिसतो, पण तो सच्छिद्र असतो आणि कवचाखाली बऱ्याचदा मऊ निघतो, त्यामुळे त्यात ठोकलेल्या खिळ्यावर किंवा बोल्टवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून कार्यशाळेत कड्यामागचे जिवंत, खोल मुळांचे किंदळासारखे झाड निवडायला शिकवतात, आणि तेही एकच नव्हे तर एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन आधार. या दोन आधारांपासून दोरापर्यंत येणाऱ्या दोन्ही पट्ट्यांमधला कोन साठ अंशांच्या आत ठेवावा लागतो. तो १२० अंशांवर गेला की भार वाटला न जाता प्रत्येक पट्टीवर जवळजवळ पूर्ण वजन येते. हे फळ्यावर आकृती काढून सांगितले तर मुले मान डोलावतात, पण पट्ट्या हळूहळू फाकवत त्यांचा ताण हाताने तपासायला दिला की ते कायमचे समजते. समुद्रकड्यांवर कायमचे बोल्ट बसवण्याची कामे आम्ही स्वीकारत नाही, कारण खाऱ्या हवेत स्टेनलेस स्टीललाही आतून तडे जातात आणि ते बाहेरून दिसत नाहीत.

साहित्य निवडतानाही आम्ही कार्यशाळेचेच ऐकले. चढाईसाठी डायनॅमिक दोर लागतो, जो पडणाऱ्याचा झटका ताणून शोषून घेतो; फारसा न ताणणारा स्टॅटिक दोर रॅपलिंगला योग्य असला तरी पुढे चढणाऱ्याला तो कधीही देत नाही. कॅराबिनर (दोर अडकवायची उघडझाप होणारी धातूची कडी) लांबीच्या दिशेने किमान २० किलोन्यूटन, म्हणजे साधारण दोन टन वजनाइतका, भार झेलणारा हवा. दोराचा नायलॉन ओला झाला की कमकुवत होतो, म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही बाहेरचे वर्ग न घेता मंडळाच्या सभागृहात गाठींचा सराव घेतो. प्रत्येक दोराची वही असते आणि कुणाच्या पडण्याचा जोरदार झटका सोसलेला दोर, कितीही नवा दिसत असला तरी, आम्ही कापून टाकतो. या खर्चाबद्दल घरी वाद झाले, पण त्यावर तडजोड झाली नाही.

म्हादई किंवा मोले अभयारण्याच्या हद्दीत जाण्यापूर्वी वन खात्याची परवानगी मंडळच घेते.

बर्फावर घसरताना आइस ॲक्सने (बर्फाच्या कुदळीने) स्वतःला थांबवणे, क्रॅम्पॉन (बुटाखालचे टोकदार खिळे) बांधून चालणे ही कौशल्ये इथे शिकवता येत नाहीत. त्यासाठी आम्ही तयार मुलांना दार्जिलिंगच्या हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूटकडे (स्थापना १९५४) किंवा उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेकडे (१९६५) अर्ज करायला सांगतो. त्यांना बूट आणि पाठपिशवी सवलतीच्या भाड्याने देतो, आणि परतल्यावर त्यांनी मंडळाच्या वर्गात शिकवावे, एवढी एकच अट घालतो.