गायरांगरच्या धक्क्यावर वाजलेले फोन

मी क्रूझ जहाजावर डेकवर काम करतो. उन्हाळ्यात आमचं जहाज नॉर्वेच्या फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांच्या मधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीत जातं, आणि गायरांगर हे त्यातलं ठरलेलं बंदर. हिवाळ्यात जेमतेम अडीचशे माणसांचं गाव, दोन्ही बाजूंना हजार मीटरहून उंच कडे, वाटेत ‘सात बहिणी’ नावाचा धबधबा. 2005 पासून हा फियॉर्ड जागतिक वारसा यादीत आहे.

त्या बुधवारी तिथला तरंगता धक्का दुसऱ्या जहाजाने घेतला होता. आम्ही मध्येच नांगर टाकला आणि टेंडर, म्हणजे जहाजावरच्या छोट्या बोटींनी प्रवासी किनाऱ्यावर न्यायला लागलो. माझी ड्युटी किनाऱ्याच्या बाजूला: बोट लागली की दोर घ्यायचा, वयस्कर माणसांना हात द्यायचा, रांग सांभाळायची.

दुपारी बाराच्या ठोक्याला रांगेतले फोन एकदम कर्कश वाजायला लागले. ज्यांचे सायलेंटवर होते त्यांचेही. कुणी फोन हातातून टाकला, कुणी वर डोंगराकडे पाहिलं. पुण्याच्या एका काकूंनी माझा दंडच धरला. “अरे, काय झालं? बोटीत बसायचं का?”

“थांबा काकू, आधी वाचू द्या,” म्हणून मी संदेश पाहिला. चाचणी होती. जून आणि जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी दुपारी बाराला नॉर्वेभर आपत्कालीन इशाऱ्याची यंत्रणा अशी तपासतात. मी मोठ्याने हिंदी-इंग्रजीत सांगितलं, रांग पुन्हा हलली.

धक्क्यावर काम करणाऱ्या गावातल्या बाईंनी फोन पाहून खिशात ठेवला आणि दोर बांधायला लागल्या. मी विचारलं, तुम्हाला भीती वाटत नाही? त्यांनी फियॉर्डच्या तोंडाकडे बोट केलं. “त्या वळणापलीकडे ओकनेस आहे. आम्हाला इशारा लागतो तो त्याच्यासाठी.”

ओकनेसच्या खालून आमचं जहाज दर वेळी जातं, पण नावापलीकडे मला काही माहीत नव्हतं. त्या डोंगराच्या उतारावर मोठी भेग आहे आणि खडकाचा प्रचंड भाग वर्षाला काही सेंटीमीटर खाली सरकतो आहे. तो एकदम पाण्यात कोसळला तर उठणारी लाट हेलेसिल्ट गावात साधारण पाच मिनिटांत आणि गायरांगरमध्ये दहा मिनिटांत पोचेल. हे नुसतं गणित नाही. शेजारच्या ताफियॉर्डमध्ये 7 एप्रिल 1934 च्या रात्री असाच कडा कोसळला. लाटेत 40 माणसं गेली.

म्हणून ओकनेसवर जीपीएस, लेसर, रडार आणि भेगेची रुंदी मोजणारी उपकरणं बसवली आहेत, आणि नोंदींवर सतत लक्ष असतं. एवढा खडक सुटण्याआधी त्याचा वेग वाढतो, हा सगळ्या व्यवस्थेचा पाया. वेग वाढला की लाटेची वाट न पाहता गावं आधीच रिकामी करायची. बाई म्हणाल्या, “कुठल्या रस्त्याने वर जायचं ते पोरांनाही ठाऊक आहे.”

काकू सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, “आपल्याकडे असं का नाही रे?”

मी गप्प झालो, कारण माझ्या डोळ्यांसमोर तळिये होतं. मी रायगडचा. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातल्या त्या वाडीवर दरड आली आणि 80 हून जास्त माणसं गाडली गेली. दोन वर्षांनी इर्शाळवाडी. माझं घरही डोंगराच्या पायथ्याला आहे. पावसाळ्यात मी समुद्रावर असतो आणि आई तिथे एकटी.

आपली दरड वेगळी, हे मला कळतं. ओकनेसचा खडक वर्षानुवर्षं सरकतोय, मोजता येतो. आपल्याकडे मुसळधार पावसाने माती भिजते आणि उतार काही क्षणांत खाली येतो. लेसर लावून ते कळेलच असं नाही. पण पाऊस मोजता येतो. उताराला पडलेली भेग, अचानक गढूळ झालेला झरा, तिरकी झालेली झाडं, हे वाडीतल्या माणसाला दिसतं. दिसल्यावर कुणाला सांगायचं आणि कुणी उठायचं, हेच ठरलेलं नसतं. जहाजावर सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की स्वयंपाक्यापासून कप्तानापर्यंत प्रत्येकाला आपली जागा माहीत असते, कारण आम्ही ड्रिल पुन्हा पुन्हा करतो. वाडीत ते करायला जहाजाइतका पैसाही लागत नाही.

संध्याकाळी नांगर उचलल्यावर मी आईला फोन केला. घरामागच्या बांधाला भेग आहे का, विचारलं. “गेल्या वर्षीपासून आहे, हात जाईल एवढी,” ती सहज म्हणाली. मी तिला आठ दिवसांत मामांकडे जायला सांगितलं, पावसाळा संपेपर्यंत. सरपंचांशीही बोललो. शाळेत पर्जन्यमापक बसवायचा, किती पाऊस झाला की वाडी हलवायची ते तालुक्याच्या अधिकाऱ्यांना विचारून ठरवायचं, देवळाच्या भोंग्याची जबाबदारी दोघांवर द्यायची. ते म्हणाले, ग्रामसभेत मांडू. मी सुट्टीवर पोचेन तेव्हा ग्रामसभा होऊन गेलेली असेल, म्हणून हे सगळं लिहून चुलतभावाकडे पाठवलं आहे. वाचून दाखवायचं काम त्याचं.